ढाक्यात फुटबॉलमध्ये हरलो. आता कोच खालिदचं काय करायचं?

सीवूड्सचा स्टॉपर | १८ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:०५

मॅच संपून बराच वेळ झाला, तरी झोप येत नाही. बायको म्हणते, एवढा त्रास होतो तर बघतोस कशाला? तिला काय सांगू? बांगलादेश १, भारत ०. पहिल्या पाव तासातच मोरसालिनने गोल टाकला. पुढचा सगळा वेळ आपण बॉल सत्यनारायणाच्या प्रसादासारखा सगळ्यांना थोडा थोडा वाटत बसलो. त्यांच्याशी याआधी हरलो होतो ते २००३ साली. तेव्हा मी जुईनगरला सातवीत होतो.

आशियाई कपची संधी तर गोव्यात सिंगापूरशी हरलो तेव्हाच गेली होती, त्यामुळे निकालाचं दुःख नाही. हिशेब मात्र बघा. पात्रता फेरीत पाच मॅच, दोन पॉइंट, दोन गोल. त्यातल्या पहिल्या दोन मॅच आधीचा कोच मानोलोच्या, त्यात गोल शून्य. उरलेल्या तीन खालिदच्या.

खालिद जमील आला तेव्हा याच ग्रुपवर मी पेढे वाटले होते. सावियो मदेरानंतर इतक्या वर्षांनी भारतीय कोच, तोही आपल्या मुंबईत घडलेला. आता विचारतो, ठेवायचा की काढायचा? आणि ठेवायचा असेल तर त्याच्या टीम निवडीबद्दल काय म्हणायचं? शिव्या न देता लिहा.

---

वाशी_फास्ट | रात्री ११:१८

शिव्या न देता लिहायचं तर मग एवढंच: काढा.

ऑगस्टमध्ये ताजिकिस्तानला काफा नेशन्स कपला गेला तेव्हा आपला जुना स्ट्रायकर सुनील छेत्री नको होता. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरसाठी हवा झाला. आता ढाक्याला पुन्हा नाही. ही टीम निवड म्हणायची की पत्त्यांचा डाव?

---

कोपरखैरणे कॉर्नर | रात्री ११:२६

फास्ट, थोडं थांब. गोव्यातल्या पराभवानंतर छेत्रीने स्वतःच थांबायचं ठरवलं, त्याला कोणी वगळलं नाही. कोचला बोल लाव, पण त्याने केलेल्या गोष्टींसाठी.

आता माझा मुद्दा. खालिदच्या सात मॅचमध्ये आपले गोल किती? पेनल्टी शूटआउट सोडून पाच. ताजिकिस्तानविरुद्ध अन्वर अली आणि झिंगन, दोघेही स्टॉपर, म्हणजे मधले बचावपटू. ओमानविरुद्ध उदांता, विंगर, म्हणजे बाजूने पळणारा. सिंगापूरला रहीम अली, तोही त्यांच्या बचावाने घोळ घातला म्हणून. गोव्यात छांगटे, बॉक्सबाहेरून मारलेला. गोल भारी होता यात वाद नाही. पण पाचपैकी एक तरी गोल असा आहे का, जिथे बाजूने क्रॉस आला आणि आपला नऊ नंबर, म्हणजे मुख्य स्ट्रायकर, गोलपासून सहा यार्डात उभा होता?

---

वाशी_फास्ट | रात्री ११:३१

मग उभा करायचा ना! कोचचं काम ते काय असतं?

---

घोडबंदर९ | रात्री ११:४४

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मी मँचेस्टर युनायटेडचा भक्त, त्यामुळे दुःखाची सवय आहे. आमचा कोच अमोरिम ऑगस्टमध्ये ग्रिम्सबीकडून पेनल्टीवर १२-११ असा हरला, तरी तीन स्टॉपर सोडायला तयार नाही. तुमचा खालिद दर मॅचला टीम बदलतो. एकाला बदल म्हणून शिव्या, दुसऱ्याला बदलू नको म्हणून. हरणाऱ्या कोचची प्रत्येक सवय वाईट असते.

---

कूपरेजवाले काका | १९ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

रात्री झोपलो होतो, आता सगळं वाचलं.

तुमच्यापैकी किती जणांनी खालिदला खेळताना पाहिलंय? मी पाहिलंय. एअर इंडियाकडूनही आणि महिंद्राच्या लाल जर्सीतही. ऐरोलीहून लोकल बदलत बदलत कूपरेज गाठायचो, पाच रुपयांचे चणे घ्यायचो आणि आमच्यासारखे शंभरेक जण असायचे. मिडफिल्डर म्हणून शांत माणूस. दुखापतीने लवकर थांबला.

त्याची कोच म्हणून खरी ओळख मुंबई एफसीची. २००९ ते २०१६, सात वर्षं. पैसा नाही, नावाजलेले खेळाडू नाहीत, कित्येकदा घरचं मैदान म्हणून पुण्याला बालेवाडीत खेळायचं. तरी टीम खालच्या लीगमध्ये उतरू दिली नाही. २०१६ मध्ये त्याला नारळ दिला. पुढच्या मोसमात काय झालं? मुंबई एफसी तळाला जाऊन आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर. आणि त्याच मोसमात हा माणूस मिझोरमच्या ऐझॉल क्लबला घेऊन आय-लीग जिंकला. ऐझॉल ३७ पॉइंट, मोहन बागान ३६. त्याआधी ऐझॉल स्वतःच उतरली होती, वर परत घेतली म्हणून खेळत होती.

हे मी मोठेपणा सांगायला लिहीत नाही. सांगायचंय ते वेगळंच. खालिद कमी सामानात संसार करणारा कोच आहे. मागे गर्दी, पुढे दोन पळणारे. दुबळ्या टीमला बलाढ्य टीमपुढे उभं करायला हे चालतं. ओमान, ताजिकिस्तान यांच्यापुढे चाललंही. बांगलादेश, सिंगापूरपुढे बॉल आपल्याकडे असतो, तिथे ही पद्धत अडते. माझं गाऱ्हाणं असलंच तर हे आहे.

---

सीवूड्सचा स्टॉपर | सकाळी ८:१२

काका, हे शंभर टक्के पटलं. इराणसमोर तीन खाल्ले, त्याचं मला काही वाटलं नाही. पण अफगाणिस्तानशी ०-० तेव्हाच खटकलं होतं. काफा कपात तिसरा नंबर आला म्हणून आपण सगळे गप्प बसलो, मीसुद्धा.

(महिंद्राच्या जर्सीचा फोटो असेल तर टाका.)

---

वाशी_फास्ट | सकाळी ८:४०

संसार, सामान, सगळं गोड आहे. पण जमशेदपूर क्लबला असताना याच खालिदने पुढे कोणाला खेळवलं? सिव्हेरिओ आणि मरे. दोघेही परदेशी. क्लबात स्वतः भारतीय स्ट्रायकरला खेळवायचं नाही आणि देशाचा कोच झाल्यावर म्हणायचं, स्ट्रायकर कुठे आहे?

---

कोपरखैरणे कॉर्नर | सकाळी ९:०३

हा मुद्दा मात्र लागला. बरोबर आहे तुझं.

फक्त तो एकटा नाही. मैदानावर चार परदेशी खेळवता येतात. कुठलाही क्लब त्यातला पहिला पैसा पुढच्या माणसावर टाकतो, कारण गोल विकत घ्यायला सोपे. मागच्या मोसमात गोल्डन बूट नॉर्थईस्टच्या अजराईला, २३ गोल. भारतीयांत सगळ्यात वर छेत्री, १४. वय ४० असताना! त्याच्या निम्म्या वयाची पोरं कुठायत? मनवीर बागानमध्ये उजव्या बाजूला पळतो, कारण मध्ये परदेशी मॅकलारन. विक्रम प्रताप मुंबईत बाजूला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि लीगचं काय चाललंय ते बघा. १२ एप्रिलला फायनल झाली, त्यानंतर आयएसएल या आपल्या मुख्य लीगचा एक सामना नाही. हक्कांसाठी निविदा मागवल्या, ७ नोव्हेंबरच्या मुदतीत एकही आली नाही. अशात कोच कोणाचा फॉर्म बघून निवड करणार?

---

ऑफसाईड काका | सकाळी १०:२२

मी फुटबॉलमधला अडाणी, आधीच सांगतो. पण नेरुळला राहतो, त्यामुळे २ तारखेला मुलींनी क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला त्या रात्री झोपलो नाही. डी. वाय. पाटीलच्या बाहेर पहाटेपर्यंत पोरी तिरंगा घेऊन नाचत होत्या.

तर माझा प्रश्न. त्यांचा कोच अमोल मुजुमदार भारताकडून एकही मॅच न खेळलेला माणूस. त्याने इंदूरला इंग्लंडविरुद्ध जेमिमाला बसवलं. आपण ४ धावांनी हरलो. लोकांनी त्याला सोललं. मग तिला परत घेतलं, इथे नेरुळला तिसऱ्या नंबरवर पाठवलं. न्यूझीलंडला नाबाद ७६, सेमीफायनलला ऑस्ट्रेलियासमोर नाबाद १२७. चूक केली, सुधारली, कप आणला. फुटबॉलवाल्यांना हे का जमत नाही?

---

घोडबंदर९ | सकाळी १०:३०

आले, क्रिकेट आलं. काका, धागा भरकटवू नका :)

---

सीवूड्सचा स्टॉपर | सकाळी १०:४७

असू दे, प्रश्न चांगला आहे. काका, बसवायला आणि परत आणायला जेमिमा असावी लागते. आमच्याकडे बेंचवर बसलेला आणि मैदानात असलेला यात फरकच उरलेला नाही. छेत्रीला बसवून खेळवायचं कोणाला, हा प्रश्न २०१५ पासून आहे. मानोलोच्या आधीचा कोच श्टिमाचही त्यातच अडकला. २०२३ ला तीन स्पर्धा जिंकून जागतिक क्रमवारीत ९९ व्या नंबरवर नेलं, पुढच्या वर्षी गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून हरला. मग दोहाला तो कतारचा गोल, बॉल लाईनबाहेर गेलेला अख्ख्या जगाने पाहिला. त्यावर बोललो तर आज ऑफिस चुकेल.

---

मनूची आई | दुपारी १:१५

सगळे पुरुषांच्याच टीमबद्दल बोलताय म्हणून मध्ये येते.

५ जुलैला चियांग माईला आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्या घरात २-१ हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून महिला टीम आशियाई कपात पहिल्यांदा गेली. कोच क्रिस्पिन छेत्री, भारतीयच. त्याच्यावर धागा निघाला का कधी? मी शोधला, नाही.

२०२२ ला हाच कप नवी मुंबईत होता. चायनीज तैपेईविरुद्धची मॅच माझ्या मुलीबरोबर, मनूबरोबर, टीव्हीवर बघायचं ठरलं होतं. टीममध्ये कोव्हिड निघाला, मॅच रद्द, आपण स्पर्धेबाहेर. तिने नवीन जर्सी घालून टीव्हीसमोर बसून रडून घेतलं. तेव्हा ती आठ वर्षांची. आता खारघरला खेळते, तिथे मुलींच्या वाट्याला मैदान येतं ते संध्याकाळी दिवे गेल्यावर.

भारतीय कोच चालतो की नाही, या प्रश्नाचं उत्तर कधीच मिळालंय. तुमचं लक्ष नव्हतं.

---

कूपरेजवाले काका | दुपारी १:४०

ताई, चूक मान्य. धागा तुम्हीच काढा, पहिला प्रतिसाद माझा.

---

वाशी_फास्ट | दुपारी २:०५

ताई, पटलं. भारतीय-परदेशी हा वाद मी मागे घेतो. खालिदबद्दलचा नाही.

गोव्यात आपण १-० वर होतो. चौदाव्या मिनिटाला छांगटेचा गोल. मग हाफटाईमच्या तोंडावर साँग उइ-याँगचा एक, नंतर त्याचाच दुसरा. घरच्या मैदानावर आघाडी घेऊन मागे सरकलो. ती सवय कोणाची? काकांनी सांगितलेलीच, मुंबई एफसीची. संपादक खोडून काढू देत, पण देशाची टीम वाचवायला नसते, जिंकायला असते.

---

संपादक | दुपारी २:२०

खोडत नाही. फक्त कोणाच्या धर्मावर, घरावर जाऊ नका. काल रात्री एक प्रतिसाद उडवलाय, लिहिणाऱ्याला कळलं असेल.

---

कोपरखैरणे कॉर्नर | दुपारी ३:३८

फास्ट, गोव्याचं मान्य. पण त्याआधी सिंगापूरमध्ये दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच झिंगनला रेड कार्ड, दहा जणांत खेळून नव्वदाव्या मिनिटाला बरोबरी साधली. तीही त्याच कोचची टीम. पाच दिवसांत माणूस बदलत नाही.

माझं मत: मार्चमध्ये हाँगकाँगशी मॅच आहे, तिला काही अर्थ नाही. म्हणूनच ती पोरांना द्या. रायन विल्यम्सचे कागद तोवर येतील. पर्थचा पोरगा, ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून आला, आजोबा मुंबईकडून संतोष ट्रॉफी खेळलेले. त्याला खेळवा.

---

घोडबंदर९ | दुपारी ३:५१

विल्यम्सपण विंगर आहे रे!

---

सीवूड्सचा स्टॉपर | रात्री १०:३०

आता जरा लांबलचक लिहितो, कारण घोडबंदरच्या या एका वाक्यावर दुपारपासून विचार करतोय.

मी रविवारी आमच्या सोसायटीच्या चौदा वर्षांखालच्या पोरांना शिकवतो. शिकवतो म्हणजे शिट्टी माझ्याकडे आणि बिब मी घरी धुतो. अठरा पोरं आहेत. पहिल्या दिवशी विचारलं, कोण कुठे खेळणार? अकरा विंग, चार दहा नंबर (स्ट्रायकरच्या मागचा), दोन मिडफिल्ड, एकाने कीपर म्हणून हात वर केला कारण त्याच्याकडे नवे ग्लोव्हज होते. स्ट्रायकर एकही नाही. आम्ही लहान असताना सगळ्यांना पुढे उभं राहून गोल मारायचा असायचा. आता सगळ्यांना उजव्या बाजूने आत कापून डाव्या पायाने मारायचंय, बार्सिलोनाच्या यमालसारखं.

ही पोरं आठवडाभर टर्फवर, म्हणजे नकली गवताच्या छोट्या मैदानावर खेळतात. तुम्हाला माहितीच आहे, नवी मुंबईत प्रत्येक दुसऱ्या गल्लीत, पुलाखाली, मॉलच्या गच्चीवर टर्फ. तासाचे पैसे वाटून घ्यायचे, पाचास पाच. ऑफसाईड नाही. बाजूला जाळी, वरही जाळी. बॉल उंच गेला की जाळीला लागून खाली. मग हेडर कोण शिकणार? क्रॉस कोण टाकणार? पाठीवर स्टॉपर घेऊन बॉल थांबवायचा, दुसऱ्याला द्यायचा, मग वळून धावायचं, हे पाचास पाचमध्ये लागतच नाही. लागतं ते दोन फुटात समोरच्याला चकवणं. त्यात आमची पोरं वाघ आहेत. एकाने परवा माझ्याच पायांतून बॉल काढला आणि वर 'सॉरी सर' म्हणाला.

मागच्या रविवारी पहिल्यांदा नेरुळला मोठ्या मैदानावर अकरास अकरा खेळवलं. उजवीकडच्या पोराने काय सुंदर क्रॉस टाकला! बॉक्स रिकामा. बॉल या टोकाकडून त्या टोकाला गेला, लाईन ओलांडून थेट पाणीपुरीच्या गाडीकडे. मी पुढच्याला ओरडलो, तू होतास कुठे? तो म्हणाला, 'सर, मी पास मागत होतो.' हात दाखवला तो डाव्या टचलाईनकडे. तिथे दोघं जण एकमेकांशेजारी उभे राहून पास मागत होते.

त्याला मी हाफटाईमला बसवलं. रात्री दहाला वडिलांचा फोन. 'सर, तो तुमचा बेस्ट प्लेयर आहे, त्याला का काढलंत?' वीस मिनिटं. शेवटी म्हणाले, तुमचं सिलेक्शन मला समजत नाही. मी म्हटलं, मलाही.

आमच्यात एक जाडसर पोरगा आहे. धावायचा कंटाळा, म्हणून गोलपाशीच उभा राहतो. महिन्याभरात त्याचे चार गोल झालेत. दोन पायाने, दोन पाठीला लागून. आमचा नऊ नंबर सध्या तोच.

मी खालिदला माफ करत नाहीये, फास्ट. गोव्यात मागे सरकणं ही चूकच. ढाक्यातही गोल हवा असताना बदली खेळाडू उशिरा आले असंच मला वाटतं. पण काल मी त्याच्या टीमची यादी डोळ्यांपुढे आणली आणि त्यात मला माझी अठरा पोरं दिसली. फक्त उंच झालेली.

---

वाशी_फास्ट | रात्री १०:५२

दंडवत. तरी काढाच म्हणतो. पण आता आवाज थोडा कमी.

---

कूपरेजवाले काका | रात्री ११:००

स्टॉपर, त्या जाड्याला सोडू नका. त्याला धावायला लावू नका, फक्त भिंतीवर बॉल मारून परत घ्यायला लावा, रोज शंभर वेळा. एकदा डावा, एकदा उजवा. आमच्या वेळी कोच हेच करायचे.

---

मनूची आई | रात्री ११:१०

टर्फचं अगदी खरं. मनूच्या टीममध्ये मात्र स्ट्रायकर आहेत. कारण मुलींना टर्फ परवडत नाही, की मिळत नाही, कोण जाणे. त्या मैदानातच खेळतात. अंधारात.

---

ऑफसाईड काका | २० नोव्हेंबर, सकाळी ७:३०

रात्री सगळं वाचून काढलं. खूप कळलं, बरंच नाही कळलं.

आठवण म्हणून सांगतो, २०१७ ला डी. वाय. पाटीलला सतरा वर्षांखालच्या फुटबॉल वर्ल्ड कपची माली आणि स्पेनची सेमीफायनल फुकटच्या पासवर पाहिली होती. स्पेन ३-१. एक पोरगा छान खेळत होता, फेरान टोरेस. नंतर मुलाने सांगितलं तो बार्सिलोनाला गेला. तेव्हा कळलं असतं तर नीट बघितलं असतं.

---

सीवूड्सचा स्टॉपर | सकाळी ८:०५

एवढं बोललो आहोत तर एक काम करू. येत्या रविवारी २३ ला पोरांची प्रॅक्टिस संपली की आपण मोठे खेळू. नेरुळ, सकाळी साडेसहा, अकरास अकरा. कोण कोण येतंय? आणि जागा सांगा.

---

घोडबंदर९ | सकाळी ८:०९

आलो. लेफ्ट विंग.

---

कोपरखैरणे कॉर्नर | सकाळी ८:११

दहा नंबर.

---

वाशी_फास्ट | सकाळी ८:१२

राईट विंग. बुक.

---

मनूची आई | सकाळी ८:२०

मनू येईल, तुमच्यात चालणार असेल तर. तीही विंगला खेळते, पण मागे येऊन बॉल काढते, तुमच्यासारखी उभी राहत नाही.

---

सीवूड्सचा स्टॉपर | सकाळी ८:२२

मनू आधी. मी मागे. मग नऊ नंबरला कोण?

---

सीवूड्सचा स्टॉपर | सकाळी ११:४०

कोणीच नाही?

---

ऑफसाईड काका | दुपारी १२:१५

मी येतो. फार धावायचं नाही ना?

---

सीवूड्सचा स्टॉपर | दुपारी १२:१७

नाही काका. फक्त गोलपाशी उभं राहायचंय. पाठ गोलकडे ठेवा.